न पाहिलेल्या अशिलाचा वकील

खुनाच्या एका खटल्याचा निकाल लागतो. न्यायाधीश जन्मठेप सुनावतात आणि पोलिसांची गाडी आरोपीला घेऊन बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगाकडे निघते. गावाच्या लेखी विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी कानावर येतं की त्या माणसाचं अपील धारवाडला चालू आहे आणि त्याच्या वकिलाची फी सरकारी तिजोरीतून जाते. मग चहाच्या टपरीवर हमखास प्रश्न निघतो. खटला भरला सरकारने, शिक्षा मागितली सरकारने. मग ती शिक्षा उलटवायला उभ्या राहणाऱ्या वकिलाला पैसे सरकारनेच का द्यायचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ज्या निकालात पहिल्यांदा नीट मांडलं गेलं, त्याचा धागा धारवाडलाच येऊन पोचतो, तोही एका बनावट शिक्क्यामुळे.

विद्यापीठाचा शिक्का आणि निकालाची प्रत

सौराष्ट्र विद्यापीठातला एक पीएच.डी. झालेला प्रपाठक मुंबईत एका ब्लॉक बनवणाऱ्याकडे गेला. कर्नाटक विद्यापीठ, धारवाड या नावाचा उठावाचा शिक्का त्याला करून हवा होता. विद्यापीठानेच हे काम सोपवलं आहे असं दाखवणारं पत्र त्याच्याजवळ होतं. पत्र बनावट निघालं. असा शिक्का हाती आल्यावर पदवीचं प्रमाणपत्र किती लांब राहतं, हे सांगायला नको. सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, पण शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची आणि दंडाची. महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं आणि १९७३ मध्ये मुंबई हायकोर्टाने शिक्षा तीन वर्षांवर नेली.

हा माणूस सर्वोच्च न्यायालयात पोचला चार वर्षांनी, शिक्षा भोगून झाल्यावर. एवढा उशीर का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की हायकोर्टाच्या निकालाची प्रत आपल्या हाती पडलीच नाही. तुरुंगाचं म्हणणं असं की प्रत दिली होती, पण राज्यपालांकडे जाणाऱ्या माफीच्या अर्जाला जोडायची म्हणून ती परत घेतली. दिल्याची पोच मात्र कुठेच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. गुन्ह्याबद्दल न्यायमूर्तींना तिळमात्र सहानुभूती नव्हती. खालच्या कोर्टाने इतकी सौम्य शिक्षा दिलीच कशी, असा त्यांचा सूर होता. पण पोच नसलेल्या त्या एका कागदावरून न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी देशभरच्या कैद्यांसाठी नियम घालून दिले. १७ ऑगस्ट १९७८ चा हा निकाल ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जातो. अय्यरांची इंग्रजी एरवी वाचकाला कोश उघडायला लावते, पण यातले आदेश कुठल्याही तुरुंग अधिकाऱ्याला समजावेत इतके सरळ आहेत. कैदेची शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यावी. ती तुरुंगामार्फत जाणार असेल तर कैद्याच्या हाती लवकर द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. त्याला अपील करायचं असेल तर तुरुंगाने सगळी सोय करून द्यावी. गरिबीमुळे किंवा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटल्यामुळे त्याला वकील करता येत नसेल, तर शिक्षेचं गांभीर्य आणि प्रकरणाचं स्वरूप पाहून कोर्टाने सक्षम वकील नेमावा. मात्र त्या वकिलाला कैद्याची हरकत नसावी. आणि ज्या सरकारने खटला भरून त्या माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, त्यानेच वकिलाची फी भरावी.

टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. राज्यघटनेचं कलम २१ म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीखेरीज कोणाचंही स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, आणि ती पद्धत न्याय्य असली पाहिजे हे न्यायालयांनी पक्कं केलं आहे. अपील हा त्या पद्धतीचाच भाग. तेव्हा एखाद्याला आत ठेवण्याचा सरकारचा अधिकार अपिलाची संधी खरोखर मिळाल्यावरच पुरा होतो. वकिलाच्या फीचं नातं दयेशी नाही. खटला भरण्याच्या खर्चातलाच तो एक भाग समजावा.

१९७६ मधल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्याचं कलम ३९-अ घटनेत आलेलंच होतं. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मागता येतो. त्याचं उत्पन्न किती, हे पाहिलं जात नाही.

अपिलात काय होतं?

पदवी परीक्षेच्या पेपरची पुनर्तपासणी आठवून पाहा. विद्यार्थ्याला वर्गात बोलावत नाहीत, नवी उत्तरं लिहू देत नाहीत. दुसरा परीक्षक तीच उत्तरपत्रिका घेऊन बसतो आणि पहिल्याने नीट वाचली होती का, हे तपासतो. फौजदारी अपील बरंचसं असंच चालतं. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, कोयता पुन्हा टेबलावर ठेवला जात नाही. खालच्या कोर्टात लिहून घेतलेल्या साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल आणि निकालपत्र यांचा गठ्ठा हायकोर्टात येतो. दोन्ही वकील त्यावरून युक्तिवाद करतात आणि न्यायमूर्ती त्यावरून ठरवतात. अगदीच गरज पडली तर जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपिली कोर्टाला असतो, पण तो क्वचितच वापरला जातो.

पुनर्तपासणीत गुण कमी होण्याचं भय असतं. इथे तसं नाही. कैद्याने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, शिक्क्याच्या खटल्यात महाराष्ट्र सरकारने केलं तसं. “अपील केलंस तर आणखी अडकशील” या बराकीतल्या सल्ल्याला घाबरून काही जण मुदत उलटून जाऊ देतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

या रचनेचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. खालच्या कोर्टात आरोपी डोळ्यांसमोर असतो. साक्षीदार खोटं बोलला तर तो वकिलाला खुणावू शकतो, त्याचा चेहरा न्यायाधीशांना दिसतो. अपिलाच्या वेळी तो तुरुंगात असतो. कोर्टात त्याच्या नावाने असतो तो कागदांचा गठ्ठा आणि त्या गठ्ठ्यातून बोलणारा वकील. हिंडलग्याच्या तुरुंगातला तो माणूस कसा दिसतो हेही न्यायमूर्तींना ठाऊक नसतं, आणि वकिलाने मनावर घेतलं नाही तर त्यालाही ठाऊक होत नाही. नेमलेल्या वकिलाची बहुतेक कर्तव्यं या गैरहजेरीतूनच निघतात.

धारवाडपर्यंतची वाट

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी धारवाड आणि बेळगाव मुंबई राज्यात होते आणि इथली अपिलं मुंबई हायकोर्टात जात. त्यानंतर ती बंगळूरला जाऊ लागली. बेळगावहून बंगळूर सुमारे पाचशे किलोमीटर. निपाणी किंवा खानापूरच्या एखाद्या म्हाताऱ्या बापाने मुलाच्या अपिलासाठी तिथे खेपा घालायच्या म्हणजे रात्रीची गाडी, लॉजचं भाडं आणि बुडालेली मजुरी. उत्तर कर्नाटकातल्या वकिलांनी आणि लोकांनी खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २००८ मध्ये धारवाडला फिरतं खंडपीठ आलं आणि २०१३ मध्ये ते कायम झालं. आज बेळगाव, धारवाड, कारवारसह उत्तर कन्नड, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ, बळ्ळारी या भागांतली अपिलं बेलूरजवळच्या महामार्गालगतच्या इमारतीत चालतात. बिदरचे मराठी भाषक मात्र कलबुर्गी खंडपीठाकडे जातात.

दंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्ध साधारणपणे सत्र न्यायालयात अपील होतं. सत्र न्यायाधीशांनी दिलेल्या किंवा सात वर्षांहून जास्त शिक्षेविरुद्ध हायकोर्टात. तुरुंगात असलेल्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अपिलाचा अर्ज तो तुरुंगाच्या प्रमुखाकडे देतो आणि तो योग्य कोर्टाकडे पाठवणं त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३८३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ती ४२४ मध्ये आहे. आकडे बदलले, सोय तीच. अशा अपिलाला वकिलांच्या बोलीत ‘जेल अपील’ म्हणतात.

वकील दोन वाटांनी मिळतो. कैदी तुरुंगातल्या कायदेसाहाय्य केंद्रात अर्ज करतो आणि हायकोर्टाची विधी सेवा समिती आपल्या यादीतला, म्हणजे पॅनलवरचा, वकील देते. किंवा अपील पुकारलं जातं, कैद्यातर्फे कोणीच उभं राहत नाही आणि खंडपीठ समोरच्या एखाद्या वकिलाला न्यायमित्र, म्हणजे अ‍ॅमिकस क्युरी, म्हणून नेमतं. दुसऱ्या वाटेत मला एक खोट दिसते. न्यायमित्र नावाप्रमाणे कोर्टाला मदत करतो. ती मदत निःपक्ष असावी असं काही वकील मानतात आणि अशिलासाठी भांडताना हात आखडता घेतात. फौजदारी अपिलात हे परवडत नाही. समोर सरकारी वकील पूर्ण तयारीने शिक्षा टिकवायला उभा असतो. कैद्याच्या बाजूचा माणूस अर्धा कोर्टाचा आणि अर्धा कैद्याचा असेल, तर तराजू सुरुवातीपासूनच कललेला राहतो.

बेळगावी कैदी, कन्नड साक्ष, इंग्रजी युक्तिवाद

सीमाभागातल्या अपिलाला आणखी एक गाठ असते. समजा खानापूर तालुक्यातला मराठी शेतकरी आरोपी आहे. त्याने पोलिसांना जे सांगितलं ते मराठीत. साक्षी नोंदल्या गेल्या कन्नडमध्ये, कारण ती खालच्या कोर्टाची भाषा. हायकोर्टात युक्तिवाद आणि निकाल इंग्रजीत. आपल्याला कशाबद्दल शिक्षा झाली, हे त्याला तीनपैकी एका भाषेत ऐकून माहीत असतं. उरलेल्या दोन त्याने कधी वाचलेल्या नसतात.

कायद्याला याची थोडी जाणीव आहे. आरोपीने मागितलं तर निकालाचं त्याच्या भाषेत, शक्य असेल तिथे, भाषांतर द्यावं असं संहिता म्हणते, आणि निकाल अपील करण्याजोगा असेल तर तेही फुकट. पण आधी ते मागावं लागतं. असा अधिकार आहे हे ज्याला ठाऊक नाही तो मागणार कसा? म्हणून वकिलाच्या पहिल्या कामांतलं एक हे, की निकालात काय लिहिलं आहे ते कैद्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं. धारवाड-बेळगावच्या बारमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारे वकील पुष्कळ आहेत. नेमणूक करताना विधी सेवा समितीने अनुभवासोबत भाषाही पाहिली तर वरचा एक पैसा खर्च होणार नाही.

गठ्ठ्यात काय शोधायचं?

वकिलाचं खरं काम कोर्टात उभं राहण्यापूर्वी होतं. चारशे पानांची नोंद असेल तर चारशेही पानं वाचायची. नुसतं निकालपत्र वाचून भागत नाही, कारण न्यायाधीशाने जे महत्त्वाचं मानलं तेच त्यात येतं. चूक असेल तर ती बहुधा त्याने वगळलेल्या भागात असते.

एक उदाहरण रचू. बांधावरून दोन चुलत भावांत वाद झाला, हातात असलेला कोयता चालला, एक जण मेला. सत्र न्यायालयाने खून ठरवून जन्मठेप दिली. वकील वाचायला बसतो. फिर्याद घटनेनंतर किती वेळाने नोंदली आणि दंडाधिकाऱ्यापर्यंत कधी पोचली? मधल्या वेळात नावं वाढली का? डोळ्यांदेखत पाहिलं म्हणणारा साक्षीदार पोलिसांना पहिल्या दिवशी काय म्हणाला होता? शवविच्छेदनातल्या जखमा कोयत्याच्याच आहेत का, आणि किती? एकच घाव असेल, भांडण आयत्या वेळी पेटलं असेल आणि आरोपी हत्यार घेऊन चालून आला नसेल, तर हा खून नसून सदोष मनुष्यवध ठरू शकतो. हा फरक फक्त नावाचा नाही. खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षा नाही, तर सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकारात कमाल दहा वर्षं. आठ वर्षं आत काढलेल्या माणसाला तेवढ्यावर घरी जाता येईल.

मग पंच येतात. जप्तीच्या वेळी हजर होतो म्हणणारे पंच उलटले का, की तेच पंच पोलिसांच्या प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे आहेत? त्यानंतर आरोपीचा जबाब, म्हणजे पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला विचारतात ते प्रश्न. वरवर हा उपचार वाटतो, पण अपिलात कधीकधी सगळं प्रकरण यावरच फिरतं. पुराव्यातला प्रत्येक प्रतिकूल मुद्दा आरोपीपुढे ठेवून त्याला खुलासा करू द्यावा लागतो. न विचारलेला मुद्दा त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या सारडा खटल्यात सांगितलं. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर कोणत्या पाच अटी पुऱ्या व्हाव्यात, हेही त्याच निकालात आहे, आणि प्रत्यक्ष साक्षीदार नसलेल्या प्रत्येक अपिलात ते पान उघडलं जातं.

ही सगळी वाचायची कामं आहेत आणि वाचायला वेळ लागतो. मध्य प्रदेशातल्या खांडव्याच्या एका खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीला वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोपही ठेवले गेले. मार्च उजाडतो न उजाडतो तोच निकाल लागला, फाशीचा. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. निकाल लिहिला होता सोलापूरला जन्मलेल्या न्यायमूर्ती उदय लळित यांनी. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणात दहा वर्षांहून कमी वकिली झालेला माणूस नेमू नये, हायकोर्टात फाशी कायम करण्याच्या सुनावणीला आधी ज्येष्ठ वकिलांचा विचार व्हावा, तयारीला साधारण सात दिवस तरी मिळावेत आणि वकिलाला आरोपीला भेटू द्यावं, असं त्यात घालून दिलं आहे. सात दिवस फार नाहीत, पण त्याआधी काही ठिकाणी सात मिनिटांत भागत होतं.

कागदात नसलेलं

गठ्ठा पुरा वाचला तरी एक भाग राहतोच. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते गठ्ठ्यात सापडणार नाही. त्यासाठी कैद्याला भेटावं लागतं. धारवाडचा तुरुंग शहरातच आहे, हिंडलगा सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि आता पडद्यावरूनही भेट होते. तरी नेमलेल्या वकिलांपैकी अनेक जण कैद्याला एकदाही न भेटता युक्तिवाद करतात, अशी तक्रार देशभर ऐकू येते.

भेटून काय विचारायचं? एक अगदी साधा प्रश्न घ्या: जन्म कधीचा, शाळा कुठली? १९९४ मध्ये पुण्यात राठी कुटुंबातल्या बायका-मुलांची हत्या झाली. त्या खटल्यात फाशी झालेला एक कैदी घटनेच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. खटला, हायकोर्ट, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, हे सगळं त्याच्या खऱ्या वयाची नोंद कोर्टापुढे न येता पार पडलं होतं. गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, अगदी अंतिम निकालानंतरही. म्हणूनच पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आजार, मानसिक अवस्था, तुरुंगातली वागणूक, घरची स्थिती यांचाही संबंध शिक्षेशी येतो. शिवाय कैद्याला अपील किती पुढे सरकलं, पुढची तारीख कधी, एवढं तरी कळायला हवं. हे सांगायला कायद्याचं ज्ञान लागत नाही, आंतरदेशीय पत्रही पुरतं.

“यात काही दम नाही”

समजा वकिलाने सगळं वाचलं आणि पुरावा भक्कम आहे असं त्याचं मत झालं. कोर्टाला तसं सांगून तो मोकळा होऊ शकतो का? अमेरिकेत १९६७ च्या अँडर्स प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं. नेमलेल्या वकिलाने अपिलात दम नसल्याचं कोर्टाला पत्राने कळवलं, दुसरा वकील देण्याची कैद्याची विनंती फेटाळली गेली आणि त्याने एकट्याने मांडलेलं अपीलही हरलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या पत्राने भागत नाही. बाहेर पडायचं असेल तरी अपिलाला आधार देऊ शकेल अशी प्रत्येक गोष्ट वकिलाने लिहून द्यावी, कैद्याला ती पाहू द्यावी आणि कोर्टाने स्वतः नोंद तपासावी.

आपल्याकडे या नावाची पद्धत नाही, पण वळण तेच आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, बचाव करायचाच, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणाला शिक्षा होऊ नये यासाठी तो असतो. कैद्याला न विचारता “दोषसिद्धीबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही, शिक्षा तेवढी कमी करा” असं परस्पर सांगणं त्याच्या अधिकारात बसत नाही. शिवाय अपील हा कैद्याचा हक्क असल्याने, कोर्टाने दाखल करून घेतलेलं अपील वकील आला नाही म्हणून निकाली काढता येत नाही. बनी सिंग प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: कोर्टाने नोंद वाचून गुणवत्तेवर ठरवावं, कैदी आत असेल तर तारीख द्यावी हे बरं, आणि वाटलं तर सरकारी खर्चाने वकील नेमावा. याला एक मुरड कर्नाटकातल्याच २०१३ च्या पांडुरंग प्रकरणाने घातली. वकील गैरहजर असताना हायकोर्टाने नोंद पाहून दिलेला निकाल तेवढ्याच कारणावरून बेकायदा ठरत नाही, असं तिथे म्हटलं गेलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण ज्याच्या वतीने कोणीच बोललं नाही त्या कैद्याला ते समजावून सांगायची पाळी आपल्यावर न आलेली बरी.

काही वेळा अडचण दम नसण्याची नसते, रागाची असते. फेब्रुवारी २०२० मध्ये हुबळीत तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा इथल्या वकील संघटनेने त्यांचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव केला. प्रकरण हायकोर्टात गेलं. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याचे अभय ओक. त्यांच्या खंडपीठाने ठरावाबद्दल संघटनेला खडसावलं आणि बंगळूरहून धारवाडच्या कोर्टात येणाऱ्या वकिलांना पोलीस संरक्षण द्यायला लावलं. असे ठराव घटनेच्या विरुद्ध आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं होतं. मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबसाठीही हायकोर्टात अमीन सोलकर आणि फरहाना शाह हे वकील नेमले गेले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन न्यायमित्र होते. फाशी टळली नाही, पण ती कोणाचंही तोंड न दाबता दिली गेली.

चौकट: कैद्याच्या घरच्यांसाठी

हायकोर्टात अपिलाची मुदत निकालापासून ६० दिवस, फाशी झाली असेल तर ३० दिवस. सत्र न्यायालयात ३० दिवस. प्रत मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो. मुदत उलटली तरी कारण देऊन उशीर माफ करून घेता येतो. तो अर्ज करणं हे वकिलाचं काम.

विधी सेवा समितीने दिलेला वकील तुमच्याकडून फी, झेरॉक्सचे पैसे किंवा भेटवस्तू मागू शकत नाही. मागितलं तर समितीकडे तक्रार करा. वकील बदलून हवा असेल तरी तिथेच अर्ज करायचा.

तुरुंगातल्या कायदेसाहाय्य केंद्रात अर्ज दिला तर त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००.

तोवर आत राहायचं का?

अपील दाखल केलं की दुसऱ्या दिवशी सुनावणी होत नाही. काही वेळा वर्षं जातात. म्हणून अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मागण्याचा अर्ज करणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, आणि तो एकदा फेटाळला गेला तर काही काळाने पुन्हा करणंही. कोर्टाला अपील वेळेत ऐकता येत नसताना माणसाला आत ठेवून द्यायचं आणि पाच-सहा वर्षांनी तो निर्दोष निघायचा, हा न्याय कसला, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच काश्मिरा सिंग प्रकरणात विचारलं होतं. नेमलेल्या वकिलांच्या कामात सर्वांत जास्त राहून जाते ती ही गोष्ट, असं माझं निरीक्षण आहे. अपील ऐकायला आलं की युक्तिवाद होतो. मधल्या वर्षांचा कोणी वाली नसतो. ज्या सरकारी यंत्रणेने वकील दिला तिने त्याच्या कामावर लक्षही ठेवावं, असं न्यायमूर्ती ओक यांच्याच खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये सुहास चकमा प्रकरणात तुरुंगातली कायदेसाहाय्य केंद्रं नियमित चालावीत आणि कैद्यांना त्यांच्या हक्कांची माहिती वेळच्या वेळी मिळावी, यासाठी निर्देश आले. यातलं किती उतरतं ते शेवटी तुरुंगात आठवड्याला फेरी मारणाऱ्या वकिलावर आणि त्याला मिळणाऱ्या मानधनावर ठरतं. मानधन तुटपुंजं ठेवायचं आणि चारशे पानं वाचण्याची अपेक्षा करायची, हे फार काळ चालत नाही.

निकाल लागल्यावरही काम उरतं. अपील फेटाळलं गेलं तर निकालाची प्रत कैद्यापर्यंत पोचवायची, सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी साधारण नव्वद दिवस असतात हे सांगायचं आणि कागद दिल्लीच्या विधी सेवा समितीकडे रवाना करायचे. कन्नड साक्षी तिथे इंग्रजीत उतरवाव्या लागतात, त्यामुळे नोंद व्यवस्थित लावून दिली नसेल तर दिल्लीचा वकील पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

फाशीच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालानंतर, दयेचा अर्ज फेटाळला गेल्यावरही वाट उरते. कर्नाटकात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला हिंडलग्यात वर्षानुवर्षं एकांत कोठडीत ठेवलं होतं, दयेच्या अर्जाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधीपासून. कायद्यात याला आधार नव्हता. खटल्याच्या नोंदीत हे असणं शक्यच नव्हतं. ते तुरुंगाच्या कागदपत्रांतून आणि त्याच्या प्रकृतीच्या अहवालांतून पुढे आणावं लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, सरन्यायाधीश लळित यांच्या निवृत्तीच्या चार दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. तीस वर्षं पुरी होण्याआधी सुटकेचा विचार होऊ नये, अशी अट घालून.